काळ्या तेलाचा गुण

झिपारच्या काळ्या तेलाचा वास एकदा नाकात बसला की तीन दिवस निघत नसे. आर्चा या डोंगरी, सुगंधी झाडाचं जुनं, लाल गाभ्याचं लाकूड बोटभर लांबीचं फोडायचं, मडक्यात ठासून भरायचं, ते मडकं जमिनीत पुरलेल्या दुसऱ्या मडक्याच्या तोंडावर पालथं घालायचं, सांधा मातीने लिंपायचा आणि भोवती शेणाचा जाळ दिवसभर धगधगता ठेवायचा. संध्याकाळी खालच्या मडक्यात जेमतेम वाटीभर काळं, दाट तेल उतरलेलं असे. मेंढीच्या शेपटीच्या चरबीत ते कालवलं की मलम तयार. हे सगळं तिला आईने शिकवलं होतं, आणि मरायच्या आदल्या वर्षी आपला तळवा तिच्या तळव्यावर ठेवून हातही आईनेच दिला होता. मलम लावताना झिपार दर वेळी म्हणे, "हा हात माझा नाही, उमाय आईचा," असं लेकराबाळांना राखणाऱ्या देवीचं नाव घेई आणि मगच लावी.

नारिन गावाच्या वरच्या डोंगरी कुरणावर दर उन्हाळ्यात तिच्याकडे सात-आठ जण येत. कुणाच्या कोपरांवर, कुणाच्या गुडघ्यांवर, कुणाच्या डोक्यात, कुणाच्या अख्ख्या पाठीवर लाल चट्टे आणि त्यावर पांढरे खवले. झोपून उठलं की अंथरुणात कोंड्याचा सडा. शहरातले डॉक्टर त्याला सोरायसिस म्हणत. कुरणावर कुणी नाव घेत नसे, नुसतं 'खवल्यांचं' म्हणत आणि लगेच मेंढ्यांचा विषय काढत.

नियम एकवीस दिवसांचा. पहाटे घोडीचं ताजं दूध, घोड्याचं मटण बंद, दारू बंद. उजाडताच अंगभर मलम. मलम लावलेल्या माणसाने मात्र तंबूत बसायचं नाही, कारण घोडीचं दूध आंबवून कुमिस करायची कातडी पिशवी तिथेच टांगलेली आणि कुमिसला वास लगेच लागतो. तेव्हा ओढ्यापलीकडच्या सपाट खडकावर जायचं, बाया एका अंगाला, पुरुष दुसऱ्या, उघड्या पाठीने लोकर पिंजत दुपारपर्यंत बसायचं. झिपारची आई म्हणे, "तेल अंगात मुरायला वेळ लागतो." दुपारी ओढ्यावर रानपाल्याच्या कढत काढ्याने अंघोळ. एकवीस दिवसांनी माणूस उतरून जाई तेव्हा त्याची पाठ लहान मुलासारखी दिसे.

यातले निम्मे पुढच्या उन्हाळ्यात मोबदल्याची एक मेंढी घेऊन परत येत. खवले हिवाळ्यात पुन्हा फुटलेले असत. झिपार विचारी, घोडा खाल्लास? प्यायलास? कुणावर रागावलास? माणूस आठवून आठवून शेवटी कबूल करी. सहा महिन्यांच्या हिवाळ्यात कुणावरच न रागावलेला किर्गीझ अजून जन्माला यायचाय. आपलं औषध तेवढं खरं आणि रोगीच पथ्य मोडणारा, हे मानायला कुठल्याच वैद्याला जड जात नाही. झिपार लबाड मात्र नव्हती. तिला ते मनापासून खरं वाटत होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पलीकडच्या कुरणावरून आसिलकान तिच्याकडे आली. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी, आता दोघी विधवा. आसिलकानकडे चाळीस घोड्या होत्या आणि घरात शब्दही तिचाच चाले. धाकटा मुलगा एरमेक मॉस्कोत इमारतींच्या कामावर होता. त्याची बायको झानिल बारा दिवसांपूर्वी नारिनच्या इस्पितळात बाळंत झाली होती. मुलगा झाला होता, पहिलाच. पण आसिलकानच्या चेहऱ्यावर आनंद औषधालाही नव्हता.

झानिलच्या कोपरांवर पंधराव्या वर्षापासून चट्टे होते. लांब बाह्यांखाली तिने ते लपवले होते, लग्नानंतरही सासूपासून लपवले होते. बाळंतपण झालं आणि दहा दिवसांत ते पाठ, पोट, मांड्या, दंड करत छातीपर्यंत पसरले. आसिलकानने ते पाहिलं त्याच दिवशी पोर तिच्याजवळून उचललं. डॉक्टरने सांगितलं होतं की हे एकाचं दुसऱ्याला होत नाही, पाजू दे. त्याच दमात तो असंही म्हणाला होता की याला कायमचा उपाय नाही. ज्याला उपाय ठाऊक नाही त्याला पसरणं-न-पसरणं काय कळणार, असं आसिलकानचं म्हणणं. मोठी सून राबिया, दहा वर्षं झाली तरी मूलबाळ नसलेली, नारिनहून बोलावून घेतली होती आणि ती बाळाला बाटलीने घोडीचं दूध पाजत होती.

आसिलकान क्रूर होती असं नाही. ती सहा वर्षांची असताना तिच्या काकाला महारोग झाला होता. त्याला कळपापलीकडे झोपडीत ठेवलं, लाकडी वाडगा वेगळा दिला आणि एक दिवस गाडी येऊन त्याला घेऊन गेली. त्याआधी एकदा ती त्याच्या वाडग्यातून ताक प्यायली होती, कारण काका तिचा फार लाडका होता. त्याबद्दल बापाने तिला घोड्याच्या दोरीने झोडपलं होतं. साठ वर्षं झाली, तरी कुणाच्या अंगावर पांढरं काही दिसलं की तिचा हात आपोआप मागे जाई.

ती झिपारला म्हणाली, "चाळीसाव्या दिवशी पोराला न्हाऊ घालायचंय. तोपर्यंत हिचं अंग स्वच्छ कर. झालं तर पोर हिच्या मांडीवर देईन. नाही झालं तर राबिया त्याला घेऊन जाईल. पहिलं पोर मोठ्यांनी वाढवायचं हे आपल्यात काही नवीन नाही. कुणी नाव ठेवणार नाही."

"एरमेक काय म्हणतो?"

"तो म्हणतो, आई म्हणेल तसं."

झिपार म्हणाली, तिला एकवीस दिवस पुरतात. इथे तर अठ्ठावीस आहेत.

झानिलसाठी आसिलकानच्या मोठ्या तंबूशेजारी एक लहान तंबू उभा केला होता. बाळंतिणीने चाळीस दिवस तंबूबाहेर पाऊल टाकायचं नसतं. वारा बाधतो, नजर बाधते, आणखी काय काय बाधतं. तेव्हा दाराचा नमदा, लोकरीचा जाड पडदा, पाडलेला, आत चूल आणि झानिल एकटी. दुधाची पिशवी तिथे नव्हतीच, त्यामुळे वासाचीही अडचण नव्हती. झिपारने तिला कपडे काढायला सांगितलं. पोरगी तेवीस वर्षांची होती. छातीवर ओढणी घट्ट बांधलेली, आणि ती दोन ठिकाणी ओली.

"तुमच्या तेलाचा फार वास येतो म्हणतात, एजे," थोरल्या बाईला हाक मारतात तसं झानिल म्हणाली.

"येतो. माझा नवरा त्यालाच कंटाळून वर गेला."

झानिल हसली आणि हसता हसता रडायला लागली. झिपारने तिला रडू दिलं. मग एक वाडगा पुढे केला आणि सांगितलं की दिवसातून सहा वेळा दूध पिळून यात काढायचं, एकदाही चुकवायचं नाही, नाहीतर चाळीसाव्याला पोर मांडीवर येईल आणि पाजायला काही असणार नाही. तो वाडगा झिपार रोज स्वतः बाहेर नेई आणि आर्चाच्या झुडपाच्या बुंध्याशी, जिथे कुणाचा पाय पडत नाही तिथे ओती. आईचं दूध पायदळी जाऊ द्यायचं नसतं. पलीकडे मोठ्या तंबूत पोर रडत असायचं.

झिपार रोज पहाटे घोड्यावरून येई, मलम लावी, काढ्याने धुई. चार दिवस गेले. खवले मऊ पडले, गळाले, आणि खालचे चट्टे तसेच लालभडक राहिले. नऊ दिवस गेले. तिच्या स्वतःच्या कुरणावरचे रोगी तोवर खडकावर बसून उजळत चालले होते, आणि इथे काही नाही. तिने झानिलला विचारलं, मटण खाल्लंस? नाही. रागावलीस? यावर झानिलने तिच्याकडे असं पाहिलं की झिपारने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

मग तिने तेच केलं जे हरणारा माणूस करतो. मात्रा वाढवली. चरबी कमी, तेल जास्त. रोगापेक्षा औषध भयंकर झालं. तिसऱ्या दिवशी झानिलच्या मांड्यांवर पाण्याचे फोड आले. ती रात्र तिने दात आवळून काढली, कारण ती कण्हली असती तर सासूला कळलं असतं. झिपारने सकाळी ते फोड पाहिले आणि तिला आपल्या हाताची पहिल्यांदा लाज वाटली. मलम तिथेच थांबवून तिने नुसती चरबी लावायला घेतली.

तो बाळंतपणानंतरचा चोविसावा दिवस होता. मांड्या झाल्यावर तिने झानिलचा डावा हात घेतला. दंडापासून मनगटापर्यंत चट्टे जसेच्या तसे. मग उजवा घेतला. दंडावर चट्टे होते. कोपराखाली काहीच नव्हतं. कातडी उन्हाने तांबूस, गुळगुळीत, आणि जुन्या चट्ट्यांच्या जागी फिकट खुणा. रोज अंधाऱ्या तंबूत चूल फुंकत घाईघाईने मलम लावणाऱ्या झिपारच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"इथे काय लावलंस तू?"

"तुमचंच. दुसरं काय आहे माझ्याकडे?"

"खरं सांग. मी रागावणार नाही."

झानिलने तंबूच्या पूर्वेच्या बाजूला बोट केलं. दिवसा मोठ्या तंबूचा खालचा नमदा हवेसाठी गुंडाळलेला असतो. इकडून आपला नमदा थोडा उचलला की समोर पाळण्याची एक बाजू दिसते, आणि राबियाने पोराला हलवलं की त्याची टोपी दिसते. नमदा जड, टेकू लावला तर सासूच्या नजरेस येईल. म्हणून उन्हं आली की ती कुशीवर आडवी होई, उजवा हात बाहेर काढी आणि नमदा हातावर तोलून दुपारपर्यंत बघत राही. रोज, पहिल्या दिवसापासून.

"आज त्याला उचकी लागली होती," ती म्हणाली. "राबियाला थांबवता येईना. पाणी पाजायचं सोडून नुसती थोपटत होती."

झिपार तिचा हात हातात धरून बसून राहिली. तिला आधी पोरीचंच वाईट वाटलं आणि त्या दुसऱ्या गोष्टीकडे वळायला जरा वेळ लागला. ती वळली तेव्हा मात्र सगळंच एकदम अंगावर आलं. खडक! तिचे रोगी खडकावर बसत ते कुमिसला वास लागू नये म्हणून. तिच्या आईला तेल मुरवायचं होतं, तिला दूध वाचवायचं होतं, आणि उन्हाचा विचार दोघींनी कधी केलाच नव्हता. आठ उन्हाळ्यांपूर्वी तीन आठवडे पावसाने झोडपलं होतं आणि त्या वर्षी एकही माणूस बरा झाला नव्हता. त्या सगळ्यांना तिने पथ्य मोडलं म्हणून फैलावर घेतलं होतं. एक म्हातारा तर रडत रडत शपथा घेत होता की त्याने घोड्याच्या मटणाला हात लावलेला नाही. तो पुढच्या हिवाळ्यात वारला.

ती उठली आणि सरळ आसिलकानकडे गेली. आसिलकान घोडी पिळत होती.

"सुनेला उन्हात बसवायचंय," झिपार म्हणाली.

"चाळीस दिवसांच्या आत? वेड लागलंय का तुला?"

"चूक माझी झाली, आसिल. तेल एकटं पुरत नाही. त्याला ऊन लागतं. मला ठाऊक नव्हतं."

"तीस वर्षं लावतेस आणि ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

आसिलकानने घोडीच्या कासेवरचा हात काढला नाही. ती म्हणाली, बाळंतीण तंबूबाहेर जाणार नाही. तिच्या सासूने तिला जाऊ दिलं नव्हतं, ती हिला जाऊ देणार नाही, आणि पोराला काही झालं तर एरमेकला काय तोंड दाखवायचं. झिपारने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "बाहेर नको ना? बरं. ती आतच राहील. मी तंबूचं छप्पर काढते."

कुरणावर साठ उन्हाळे काढलेल्या आसिलकानलाही यात मोडलेला नियम सापडेना. भिंतीचे नमदे जागच्या जागी, दार जागच्या जागी, चूल जागच्या जागी. तंबू तो तंबूच. झिपारने दोऱ्या सोडल्या, वरचे नमदे ओढून खाली टाकले आणि तंबूच्या उघड्या बरग्यांमधून ऊन आत पडलं. झानिलने डोळ्यांवर हात धरला. तिने इतके दिवस नीट उजेड पाहिला नव्हता.

पहिल्या दिवशी एक भाकरी भाजेपर्यंत पाठ उन्हात, दुसऱ्या दिवशी दोन भाकऱ्या. झिपार आता घाई करत नव्हती. एकदा भाजून घेतलं होतं तेवढं पुरे होतं. सोबत तेल अगदी थोडं, चरबी भरपूर. ऊन सरके तशी झानिल तंबूत सरके. चार दिवसांनी मांड्यांचे फोड सुकले. दहा दिवसांत पाठीच्या चट्ट्यांच्या कडा विरायला लागल्या. पोट निवळलं, छाती निवळली. आसिलकान रोज संध्याकाळी दाराचा नमदा बाजूला करून उंबऱ्याबाहेरूनच बघून जाई. राबियाही एकदा आली होती, बाळाला न घेता. ती झानिलच्या पाठीकडे बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "छान निघतंय." ते म्हणताना तिचा आवाज फाटला. झिपारला वाटलं, एकीचं अंग उजळतंय तसतशी दुसरीची ओटी रिकामी होतेय, आणि यात चूक कुणाचीच नाही.

चाळीसाव्या दिवशी आजूबाजूच्या तंबूंतल्या दहा-बारा बाया जमल्या. मोठ्या तंबूच्या मधोमध तांब्याचं घंगाळं ठेवलं. प्रत्येकीने लाकडी चमच्याने पाणी घालायचं, चाळीस चमचे मोजायचे आणि त्या पाण्यात पोराला न्हाऊ घालायचं. झानिलला आज पहिल्यांदा आत घेतलं होतं. आसिलकानने सगळ्यांसमोर तिच्या बाह्या वर केल्या, पाठीवरचा कपडा उचलून पाहिला. गुडघ्यांवर आणि कमरेशी थोडी लाली होती, बाकी अंग स्वच्छ. आसिलकानने श्वास सोडला. मग ती झिपारकडे वळली आणि बायांना म्हणाली की असा हात या डोंगरात दुसरा नाही. बाया माना डोलवू लागल्या. एकीने तिथल्या तिथे आपल्या भावाचं खवल्यांचं सांगायला घेतलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. झिपारने गप्प बसायचं, पोर मांडीवर पडताना बघायचं आणि मेंढी घेऊन घरी जायचं, एवढंच उरलं होतं. झानिलचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते आणि ती दुसरीकडे कुठेच बघत नव्हती. झिपारला ऑक्टोबर दिसत होता. सगळे खाली गावात उतरलेले, सूर्य दुपारीच डोंगराआड, अंगावर चार चार कपडे, आणि एका सकाळी त्याच हातांवर पांढरा कोंडा.

पहिला चमचा पडायच्या आधी ती बोलली. "आसिल, ऐक. हे परत येणार."

"काय परत येणार?"

"खवले. हिवाळ्यात येतील. पुढच्या उन्हाळ्यात जातील आणि पुन्हा येतील. हिचा जन्म असाच जायचा. माझ्या तेलानं कायमचं कुणाचंच गेलेलं नाही. मी त्यांनाच दोष देत राहिले."

झानिलने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत नुसता द्वेष होता.

"अंग स्वच्छ झालं म्हणून आज पोर देशील," झिपार म्हणाली, "आणि नोव्हेंबरात काढून घेशील. तसंच करायचं असेल तर आज देऊ नकोस. आज ते चाळीस दिवसांचं आहे, विसरून जाईल. तेव्हा नाही विसरणार. आणि ही तर कधीच नाही."

आसिलकानचा चेहरा उतरला होता. "आणि पसरत नाही हे तरी कशावरून? तुझं एक खोटं निघालंच की."

"निघालं. पण तीस वर्षं मी हे याच हातांनी चोळतेय. माझ्या आईनं त्याच्या आधी चाळीस वर्षं चोळलं. ती गेली तेव्हा शेवटचं तिला मीच धुतलं, आसिल. अंगावर एक डाग नव्हता. तुझ्या काकाचा रोग वेगळा होता. हा वेगळा. काका काही परत यायचा नाही, आणि या पोरीला घालवून तर नाहीच नाही."

आसिलकानच्या काकाचं नाव तिच्या तोंडावर साठ वर्षांत कुणी काढलं नव्हतं. ती खाली बसली, चमचा घेतला आणि पाणी घालायला सुरुवात केली. बाया एकेक करून पुढे आल्या, हलक्या आवाजात मोजत गेल्या. चाळीस झाले. आसिलकानने पोराला पाण्यात धरलं, डोक्यावरून हात फिरवला, पुसलं, फडक्यात गुंडाळलं. राबियाने सवयीने हात पुढे केले. आसिलकान पोर छातीशी धरून उभी होती. मग तिने दोन पावलं टाकली आणि ते झानिलच्या उघड्या हातांत ठेवलं.

"बर्फ पडलं की ये," ती झिपारला म्हणाली. "तेव्हा मला माझा भरवसा नाही."

राबिया बाहेर जाऊन बाटल्या धूत बसली. धुतलेल्या बाटल्या तिने पुन्हा धुतल्या. दुसऱ्या दिवशी ती नारिनला परत गेली.

बायांच्या तोंडून ती गोष्ट आठवड्याभरात सगळ्या डोंगरात झाली. झिपारचा हात थंड पडला, ती स्वतःच म्हणते औषधाने जात नाही, असं लोक म्हणू लागले. खडकावरच्या पाच जणांपैकी तिघं मुदत संपायच्या आधीच उतरून गेले. एकजण जाताना तिला म्हणाला की बरं करता येत नसेल तर लोकांना निदान आशा तरी ठेवू दे. ऑगस्टच्या शेवटी तिने मडकी धुऊन पालथी घातली, आणि तिला एकाच वेळी हलकं आणि म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

त्या वर्षी बर्फ नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पडलं. झिपारने दोन दिवस घोडा तबेल्यातून सोडलाच नाही. लाकडं फोडायची आहेत, गुडघा दुखतोय, रस्ता निसरडा आहे, असं ती स्वतःलाच सांगत राहिली. खरं तर ती घाबरली होती. पाळणा रिकामा असेल तर आपण तिथे उभं राहून काय करणार, हे तिला सुचत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने मलमाचा डबा खोगिराला बांधला आणि निघाली.

आसिलकानच्या अंगणात पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. दारातूनच तिला काळ्या तेलाचा वास आला. डबा तर तिच्याच खोगिराला होता, तेव्हा उन्हाळ्यात उरलेलं मलम आसिलकानने जपून ठेवलं असणार. झिपारने दार ढकललं.

शेगडीसमोर झानिल पाठमोरी बसली होती, कमरेपर्यंत उघडी. पाठीवर खवले पुन्हा आले होते, खांद्यांपासून खालपर्यंत, उन्हाळ्यात होते त्याहून थोडे कमी. तिच्या मांडीवर पोर पीत होतं. ते चांगलं गुटगुटीत झालं होतं आणि त्याचा एक हात आईच्या दंडावरच्या चट्ट्यावर पडला होता. मागे आसिलकान गुडघे टेकून बसली होती आणि सुनेच्या पाठीला मलम चोळत होती. तिने मान जरा बाजूला वळवली होती. चोळणाऱ्या हातावर तिने एक जुना लोकरीचा मोजा चढवला होता, पायातला, कोपरापर्यंत ओढून घेतलेला.

झिपार त्या मोज्याकडे बघत राहिली. भीती गेलेली नव्हती. ती आसिलकानबरोबर त्या शेगडीसमोर बसली होती, आणि हात मात्र चालत होता, खांद्यापासून कमरेपर्यंत, एक चट्टा न सोडता.

आसिलकानने वळून पाहिलं नाही. "कोण, झिपार ना? किती उशीर केलास," ती म्हणाली. "उभी काय राहिलीस? दार लाव, पोराला गार लागतंय."

झिपारने दार लावलं आणि बाह्या सारून तिच्याशेजारी बसली.